इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आणि वीजतंत्र्याचे काम

यंत्रविद्येची आवड ही कोल्हापूरला नवी नाही. उद्यमनगरातील लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या, शेजारच्या इचलकरंजीतील यंत्रमाग आणि नदीकाठचे शेतीपंप यांच्या आवाजातच इथली मुले लहानाची मोठी होतात. एखाद्या मुलाने बिघडलेला रेडिओ उघडून पुन्हा चालू केला, तर घरचेच काय पण गल्लीतले लोकही त्याचे कौतुक करतात. मात्र तोच मुलगा दोन वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकून आला आणि म्हणू लागला की, “मला आता वायरिंगचे काम करावयाचे आहे,” तर त्याला दोन परस्परविरोधी सल्ले ऐकावे लागतात. एक पक्ष म्हणतो, “वीज तीच, मग वेगळे शिकावयाचे काय? उद्यापासून कामाला लाग.” दुसरा पक्ष म्हणतो, “मग ती दोन वर्षे फुकट गेली म्हणावयाची!” आमच्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांतील पहिला तर जिवावर बेतणारा आहे. तो तसा का, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

हा प्रश्न आजच इतक्या घरांत का निघावा, याचे कारण उघड आहे. एके काळी रेडिओदुरुस्तीचे दुकान हे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाचे हक्काचे ठिकाण होते. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, आणि त्या दुकानांना आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळाले. पण पुढे सारे मंडल एकाच लहानशा पट्टीवर सामावू लागले. बिघडलेला भाग शोधून बदलण्यापेक्षा सबंध पट्टीच बदलणे स्वस्त पडू लागले आणि दुरुस्तीचे काम आटले. उलट घरातील विजेचे काम मात्र वाढतच गेले. दिवे आणि पंखे एवढ्यावर ज्या घराचे भागत असे, त्या घरात आता गिझर, इन्व्हर्टर, वातानुकूलन आणि छतावर सौर पॅनेल आले आहे. तेव्हा सोल्डरिंग आयर्न हाती धरलेल्या विद्यार्थ्याने पक्कड हाती घ्यावी, यात कमीपणा नाही आणि नवलही नाही. प्रश्न एवढाच, की या दोन कामांमध्ये जे अंतर आहे ते त्याने कसे ओलांडावे.

प्रथम त्याच्याजवळ काय आहे ते पाहू. ओहमचा नियम त्याला येतो. दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते त्याच्या बोटांवर असते. प्रत्यावर्ती आणि एकदिश प्रवाह यांतील भेद तो जाणतो. आकृती वाचून दोष कोठे असावा याचा तर्क करण्याची सवय त्याला लागलेली असते, आणि ही सवय फार मोलाची आहे. नुसत्या अनुभवाने तयार झालेल्या कारागिराला पुष्कळदा ‘असे करावयाचे’ एवढे ठाऊक असते. या विद्यार्थ्याला ‘असे का करावयाचे’ हेही समजते. हे भांडवल खरे आहे. पण ते ज्या टेबलावर मिळाले, तेथील विजेत माणसाला इजा करण्याइतके बळ सहसा नसते. पाच-दहा व्होल्टांच्या मंडलात चूक झाली तर एखादा भाग जळतो, थोडा धूर निघतो, आणि विद्यार्थी दुसरा भाग बसवितो. भिंतीमागच्या २३० व्होल्टांना अशी दुसरी संधी देण्याची सवय नाही.

पहिले अंतर आहे ते परिमाणाचे. एक साधे उदाहरण घेऊ. गिझरच्या प्लगमध्ये एक स्क्रू सैल राहिला आणि त्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला, असे समजा. इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर अर्धा ओहम म्हणजे काहीच नव्हे. तेथे हजारांच्या आणि लाखांच्या ओहमांशी व्यवहार चालतो. पण या जोडातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे अर्धा गुणिले दहाचा वर्ग, म्हणजे ५० वॅट उष्णता निर्माण होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे अंगठ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत, दोन सोल्डरिंग आयर्न सतत तापत ठेवल्यासारखे झाले! बरे, मीटर लावून पाहावे तर दाब फक्त ५ व्होल्टांनी उतरलेला दिसेल. २३० च्या जागी २२५. त्यावरून कोणालाही शंका येणार नाही. फ्यूजही उडणार नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नाही. प्लग पिवळा पडेल, मग काळा होईल, आणि एखाद्या रात्री पेट घेईल. ‘शॉर्ट सर्किटने आग लागली’ असे आपण वाचतो, तेव्हा तिच्या मुळाशी असा एखादा सैल स्क्रूही असू शकतो. म्हणून जुना वीजतंत्री स्क्रू आवळल्यावर तार एकदा ओढून पाहतो. विद्यार्थ्याला ही सवय क्षुल्लक वाटते. पण तिच्यामागचे गणित त्याच्याच वहीत लिहिलेले असते.

दुसरे अंतर आहे ते शब्दांच्या अर्थाचे. मंडलाच्या आकृतीत ‘ग्राउंड’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, जेथून दाब मोजावयाचा ते शून्य ठिकाण. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचे ‘ग्राउंड’ जमिनीला शिवतही नाही. घरातील अर्थिंग ही मात्र खरोखरीची जमीन आहे. इस्त्रीच्या किंवा धुलाईयंत्राच्या लोखंडी अंगाला आतली जिवंत तार चुकून टेकली, तर प्रवाहाला माणसाच्या अंगातून न जाता सुखाने जाता यावे म्हणून केलेली ती वाट आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दाब जवळजवळ नसतो, हे मीटरवर पाहून काही जण सॉकेटमध्येच दोन्ही तारा एकत्र जोडतात. कागदावर हे निर्दोष दिसते. पण मागे कोठे न्यूट्रल तुटली की उपकरणाचे सारे अंग २३० व्होल्टांवर येते, आणि त्याला हात लावणारा माणूसच अर्थिंग बनतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज किंवा एमसीबी माणसाला वाचविते, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा. ओल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टांनी ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. माणसाच्या हृदयाची लय बिघडवून जीव घेण्यास हा पुरेसा आहे. परंतु ६ अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबी हा एक छोटासा दिवा आहे. ती जागची हलणारही नाही, कारण तिचे काम तारांचे रक्षण करणे हे आहे. माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे साधन लागते; आपल्याकडे लोक त्याला सर्रास ईएलसीबी म्हणतात. त्याच्या आत एक वर्तुळाकार गाभा असतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह त्यातूनच जातो. दोन्ही सारखे असले तर त्यांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात. थोडा प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीकडे निसटला, तर तोल बिघडतो आणि साधन क्षणार्धात वीज तोडते. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे बसवितात. हे सारे समजावून घेण्यास इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला पाच मिनिटे पुरतात, आणि गिऱ्हाइकाला ते पटवून देण्याचे कामही तोच उत्तम करू शकेल.

तिसरे अंतर मोजमापाचे. विद्यार्थ्याला मल्टिमीटरवर फार विश्वास असतो. पण आजच्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. शेजारून जिवंत तार गेलेली असली, तर कोठेही न जोडलेल्या मोकळ्या तारेवरही हा मीटर ऐंशी-शंभर व्होल्ट दाखवितो. तो दाब फसवा असतो; साधा दिवा लावला की नाहीसा होतो. याच्या उलटही घडते. तार एका केसाएवढ्या धाग्याने जोडलेली असली तरी मीटर पूर्ण २३० दाखवितो, आणि भार टाकला की दाब कोसळतो. म्हणून वीजतंत्री टेस्ट लॅम्प बाळगतो. तो जुनाट दिसला तरी प्रत्यक्ष भार टाकून खरे बोलवून घेतो. तार मृत आहे हे ठरविण्याची रीतही ठरलेली आहे. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी आपले साधन तपासावे, मग काम करावयाच्या तारेवर पाहावे, आणि लगेच पुन्हा चालू ठिकाणी तपासावे. मध्येच साधनच बिघडले असेल, तर ‘वीज नाही’ हे त्याचे उत्तर प्राण घेईल. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यानंतरही काही तारा जिवंतच राहतात, हे विसरू नये.

ही सारी चर्चा पुस्तकी नाही, हे पंचगंगेकाठच्या माणसाला निराळे सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत शहराचा सखल भाग आणि चिखली, आंबेवाडी यांसारखी गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की प्रत्येक घराची पहिली निकड म्हणजे वीज. पिण्याचे पाणी वर चढवावयाचे असते, चिखल धुवावयाचा असतो, फोन चार्ज करावयाचा असतो. अशा वेळी ‘थोडेफार कळणारा’ कोणीतरी पुढे होतो, बोर्ड पुसतो, मीटरने पाहतो, ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो आणि मेन चालू करतो. घरातली माणसे तेव्हा ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असतात.

मीटरने त्याला का फसविले? कारण मल्टिमीटर रोध मोजताना थोड्याच व्होल्टांचा दाब वापरतो. एवढ्याशा दाबाला जोडांत साचलेला चिखल आणि ओलावा तग धरून राहतो. २३० व्होल्टांपुढे तो टिकेलच असे नाही. म्हणून अशा वेळी मेगर हवा. तो ५०० व्होल्ट दाबाखाली तारांच्या आवरणाचा कस पाहतो, आणि तारा व जमीन यांच्यामधील रोध निदान १० लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम तरी आहे की नाही हे सांगतो. पुरात बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत, ते बदलावेत. आता याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्याचा उपयोग पाहा. मेगरचे ५०० व्होल्ट एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये किंवा टीव्हीत शिरले, तर पुरातून वाचलेले उपकरण तपासणीने मरेल. आधी काय काय सोडवून ठेवावयाचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणजे अर्ध्या माहितीने जो घात करील, तोच पूर्ण शिकला तर नुसत्या सवयीने काम करणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरेल. या दोहोंमध्ये फरक पडतो तो शिस्तीच्या काही वर्षांचा.

ही वर्षे कोठे घालवावयाची, याची व्यवस्था आपल्या देशात आहे. कारागीर प्रशिक्षणाची योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना आज सर्वजण आयटीआय म्हणतात. कोल्हापुरातही कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. या योजनेत वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन निरनिराळे व्यवसाय असून दोन्ही दोन वर्षांचे आहेत. तारतंत्री मुख्यतः वायरिंगचे काम शिकतो. वीजतंत्री मोटारी, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर आणि त्यांची दुरुस्ती यांकडेही वळतो. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा तिसरा आणि वेगळा व्यवसाय आहे. शिक्षणानंतर शिकाऊ उमेदवारी करावयाची असते. तिचा कायदा १९६१ चा आहे, आणि ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात तिला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपल्याकडील साखर कारखाने, सूतगिरण्या आणि औद्योगिक वसाहती यांत अशा उमेदवाराला वर्षभरात जे पाहावयास मिळते, ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

मग परवान्याचा प्रश्न येतो, आणि याच ठिकाणी पुष्कळ जण घाई करतात. इलेक्ट्रॉनिक्सचे प्रमाणपत्र म्हणजे वायरिंगचा परवाना नव्हे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून एक तत्त्व चालत आले आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच असा सुटा भाग, मूळ मांडणीत बदल न करता, बदलणे ही गोष्ट वेगळी. पण नवी मांडणी, वाढ किंवा फेरफार ही कामे परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराकडूनच झाली पाहिजेत. २००३ चा वीज कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली सुरक्षेचे विनियम केले. तरी हे तत्त्व टिकून राहिले. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देते. कारागीर, पर्यवेक्षक आणि ठेकेदार अशी ही चढती पायरी आहे. आपल्या शिक्षणाला आणि अनुभवाला यांपैकी कोणती पायरी लागू पडते, हे विद्यार्थ्याने विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत जाऊन स्वतः विचारून घ्यावे. चहाच्या टपरीवर मिळणाऱ्या माहितीवर विसंबू नये.

काहींना ही सारी कागदांची अडवणूक वाटते. आमचे म्हणणे असे, की परवान्याकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे काम गिऱ्हाईक ऐकून पारखू शकते; आवाज आला की काम झाले. वायरिंगचे तसे नाही. भिंत बुजली, रंग लागला, दिवा लागला. आत जोड कसा दिला आहे हे घरमालकाला कधीच दिसणार नाही. चुकीच्या आणि बरोबर वायरिंगवर दिवा सारखाच लागतो. जेथे गिऱ्हाइकाला पारख करता येत नाही, तेथे समाजाने कोणालातरी जबाबदार धरले पाहिजे. परवाना म्हणजे ती जबाबदारी आपल्या नावावर लिहून घेणे होय.

ही तयारी झाली म्हणजे पूर्वीची दोन वर्षे कशी फळास येतात, हेही पाहण्यासारखे आहे. आमच्या जुन्या वीजतंत्र्यांना शिकविले गेले की, तिन्ही फेजवर भार सारखा वाटला तर न्यूट्रलमधून फारसा प्रवाह जात नाही. आज एलईडी, संगणक आणि चार्जर यांच्या आत रेक्टिफायर असतात आणि ते प्रवाह तुकड्यातुकड्यांनी ओढतात. त्यातून निघणारे तिप्पट वारंवारतेचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करीत नाहीत, त्यांची बेरीज होते; आणि भार समान असूनही न्यूट्रल तापते. सौर पॅनेलचेही तसेच. घरची वीज सेकंदात १०० वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझावयास मदत होते. पॅनेलमधून येणारा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही, आणि दाब कित्येकदा शेकडो व्होल्ट असतो. तेथे साधा एसी स्विच बसविला तर ठिणगीची ज्योत होते. फौंड्रीतील इंडक्शन भट्टी, मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, इन्व्हर्टर, या साऱ्यांचे हृदय इलेक्ट्रॉनिक्सचे आहे आणि हातपाय वीजतंत्र्याचे. दोन्ही जाणणारा माणूस आपल्या औद्योगिक वसाहतींना हवाच आहे.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. टेबलापाशी बसून केलेले काम वरचे आणि शिडीवर चढून केलेले काम खालचे, ही समजूत अजून आपल्या घरांतून गेलेली नाही. वास्तविक ही समजूत कोल्हापूरला शोभत नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या हाती कुंचला होता, तरी त्यांनी कॅमेरा कोल्हापुरातच घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. ज्या गावाने हात आणि बुद्धी यांची अशी सोयरीक पाहिली, त्या गावाने आपल्या मुलाला किंवा मुलीला हातात पक्कड घेण्याची लाज वाटू देऊ नये. फक्त तिला किंवा त्याला एवढे बजावून सांगावे, की आधी कोणा जाणत्या माणसाच्या हाताखाली उभे राहा, तार ओढून पाहण्याची सवय लावून घे, मेगर चालवावयास शीक, परवाना मिळव, आणि मगच एकट्याने भिंतीला हात लाव. पुढच्या पुरानंतर कोणाच्या तरी घरी मेन चालू करावयास तूच जाशील, आणि त्या घरची माणसे तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून ओल्या जमिनीवर पाऊल टाकतील.